कुंपणाला बंदी असलेल्या वसाहतीचे कुंपण

अमेरिकन उपनगराची टवाळी करणे हा डाव्या विचारवंतांचा जुना छंद आहे. एका साच्याची घरे, एका मापाची हिरवळ, एका छापाची माणसे! ही टीका उथळ आहे. न्यू जर्सीतील लेव्हिटटाऊनमध्ये स्वतः राहून हर्बर्ट गॅन्स यांनी १९६७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बहुसंख्य रहिवासी समाधानीच आढळतात. शहरातील कोंदट खोल्यांतून आलेल्या कामगाराला स्वतःचे न्हाणीघर आणि मुलांना अंगण मिळाले, तर त्याने नाक का मुरडावे? एकसारखेपणाचा कंटाळा येतो तो पाहुण्यांना.

हे सुख कोणाच्या जोरावर उभे राहिले आणि कोणाला नाकारले गेले, हा खरा प्रश्न आहे. लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांवर घरे उठली. किंमत सुमारे आठ हजार डॉलर. खासगी उद्योगाचा चमत्कार म्हणून ही वसाहत आजही मिरवली जाते. वस्तुतः कर्जाची हमी सरकारची होती. जोखीम सार्वजनिक, नफा तेवढा खासगी! आणि हमी देणारे तेच सरकारी खाते मिश्र वस्तीला धोक्याची मानत होते. गोऱ्यांखेरीज कोणालाही घरात राहू देऊ नये, असे कलमच करारात होते. अपवाद फक्त घरगड्यांचा. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, तरी विक्रीचे धोरण बदलले नाही. १९५७ साली पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाऊनमध्ये मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आले, तेव्हा त्यांच्या घरावर दगड पडले. मायर्स स्वतः माजी सैनिक होते.

स्वतःचे घर असलेला माणूस कम्युनिस्ट होऊ शकत नाही, त्याला कामेच फार असतात, असे विल्यम लेव्हिट म्हणत. विनोद खरा होता. हिरवळ वेळच्या वेळी कापणे सक्तीचे, शनिवार-रविवारी कपडे वाळत घालणे मना, कुंपण घालण्यास बंदी. घरातील एकुलती मोटार नवरा कामावर नेई. दिवसभर अडकून पडे ती बायको.

घरबाजारातील वंशभेदास बंदी घालणारा कायदा १९६८ साली झाला. आठ हजारांच्या त्या घरांना आज लाखो डॉलर पडतात. गोऱ्या कुटुंबांच्या मुलानातवंडांनी ती वाढ वारशाने घेतली. ज्यांना १९४९ साली दारातून परत पाठवले, त्यांच्या भरपाईचा एक शब्दही त्या कायद्यात नाही.