आवडला नाही तरी चालेल

टीममधल्या एका मैत्रिणीला 'कोसला' वाचायला दिली होती. सोमवारी माझ्या टेबलावर परत आली, खूण म्हणून ठेवलेलं बसचं तिकीट साठाव्या पानातच. "अरे, हा पांडुरंग सांगवीकर मला आवडतच नाही. बापाच्या पैशावर पुण्यात राहतो आणि वर सगळ्या जगाला नावं ठेवतो! कशाला वाचायचं याच्याबद्दल?"

तिचं निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मला पटला नाही.

आपल्याला हल्ली सगळंच युजर फ्रेंडली लागतं (दोष आमच्याच धंद्याचा, मान्य!). पण गोष्टीतला माणूस काही आपल्या सोयीसाठी बनवलेला नसतो. मित्र निवडताना जो निकष लावतो, तोच पुस्तकाला कशाला?

तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर घ्या. १९७२ सालचं हे नाटक. सेन्सॉरशी भांडायला दिग्दर्शक कमलाकर सारंगांना कोर्टात जावं लागलं होतं. सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवतो, दारू पितो, मारतो, शेवटी चंपाचा खून करतो. आवडण्यासारखं काय आहे त्यात? उलट लक्ष्मी देवभोळी, मुंग्यांशीसुद्धा मायेनं बोलणारी. आपण लगेच तिच्या बाजूला जाऊन बसतो. आणि मग हीच लक्ष्मी सखारामला चंपाविरुद्ध भडकवते आणि खुनानंतर प्रेत पुरायला मदतही करते! गंमत बघा, सखारामकडून आपण काही अपेक्षाच ठेवली नव्हती. फसवलं ते आपल्याला आवडलेल्या पात्रानं.

याचा अर्थ पात्र जितकं वाईट तितकी कथा भारी, असं मुळीच नाही. नुसत्या शिव्या आणि बंदुका घातल्या की माणूस 'खोल' होत नाही. कंटाळवाणा दुष्ट हा कंटाळवाण्या सज्जनाइतकाच कंटाळवाणा. पुढे हा काय करेल आणि का करेल, एवढी उत्सुकता वाटली की मला पुरतं.

आता थोडं स्वतःचं सांगतो. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझा एम-थ्री राहिला होता. घरी सांगितलं, "रिझल्ट राखून ठेवलाय." बाबा महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवत होते, मी थापा मारत होतो. त्याच दिवसांत हॉस्टेलवर 'कोसला' हाती लागली. मेसचा सेक्रेटरी होऊन हिशेबात बुडणारा, वडिलांवर चिडणारा आणि त्यांच्याच पैशावर जगणारा पांडुरंग वाचताना मला त्याचा भयंकर राग आला. दोन दिवसांनी कळलं, राग नक्की कुणाचा येतोय ते. एखादा गुणी, आवडता नायक असता तर मी स्वतःला त्याच्या जागी ठेवून निवांत झोपलो असतो.

तिसऱ्या दिवशी बाबांना फोन करून सांगून टाकलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परत परीक्षेचा फॉर्म कधी भरायचाय?"

पांडुरंग मला आजही आवडत नाही. रूममेट म्हणून तर नकोच नको! पण त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं वाचून झाल्यावर तो आवडतो का, हा प्रश्नच फालतू वाटायला लागतो. मैत्रीण तिथवर पोचलीच नाही.

असो. पुस्तक तिच्या टेबलावर परत ठेवून आलोय. तिकीट साठाव्या पानातच आहे.