हरलेल्या संघाचा करंडक

कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबची स्थापना १९२० सालची. देशातले अनेक मानाचे करंडक या क्लबने पटकावले. परंतु परदेशी मैदानांवर भारतीय क्लबांना फारसे कोणी मोजत नसे.

जुलै २००३ मध्ये जकार्ता येथे आसियान क्लब अजिंक्यपद स्पर्धा भरली. पहिल्याच सामन्यात थायलंडच्या बीईसी टेरो सासाना संघाने ईस्ट बंगालला १-० असे हरवले. प्रशिक्षक सुभाष भौमिक यांचे खेळाडू मात्र खचले नाहीत. पुढच्या सामन्यात भाईचुंग भुतियाने फिलिपाईन्सच्या लष्करी संघावर एकट्याने सहा गोल चढवले. उपांत्यपूर्व सामन्यात टक्कर होऊन देवजित घोष बेशुद्ध पडला. संघाच्या डॉक्टरांनी तातडीने धाव घेतली, म्हणून त्याचे प्राण वाचले. सहकारी हादरले होते, तरी तो सामना त्यांनी जिंकला. उपांत्य सामना पेनल्टी शूटआऊटवर निकाली निघाला आणि अंतिम फेरीत समोर उभा ठाकला पुन्हा टेरो सासानाच!

या वेळी निकाल लागला ३-१. माईक ओकोरो, भुतिया आणि गोव्याचा अल्विटो डिकुन्हा यांनी गोल केले. २०१३ मध्ये हा क्लब एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, पण तेथे कुवेतच्या संघाने त्याला रोखले. लाल-सोनेरी रंगाच्या चाहत्यांना म्हणूनच जकार्ताचा करंडक अधिक मोलाचा वाटतो.