तो काळच तसा होता काय?

नामवंत माणसांच्या हातून घडलेल्या अन्यायाचा विषय निघाला, की आमच्या सुशिक्षित वर्गाच्या तोंडी एक उत्तर ठरलेले असते: 'तो काळच तसा होता.' हे उत्तर किती पोकळ आहे हे पाहण्यास दूर जावयास नको. याच उमरेडात १८९२ साली जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांचे चरित्र त्यास पुरेसे आहे.

महार कुटुंबातील ही मुलगी १८९६ च्या दुष्काळात घरच्यांबरोबर नागपुरास आली. नवव्या वर्षी लग्न झाले. पुढे पोटासाठी नागपूर-कामठीच्या दरम्यान त्यांनी डोक्यावरून ओझी वाहिली. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांस दरमहा चार रुपयांवर शिक्षिका नेमिले. परंतु शिकविणारी बाई अस्पृश्य आहे असे कळताच सवर्णांनी शाळेवर बहिष्कार घातला व ती नोकरी गेली. ज्या डोक्यावरचे ओझे चालले, त्याच डोक्यातील विद्या चालेना! जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळा मुलींची शाळा काढिली.

पुढे १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले. समस्त स्त्रीवर्गाच्या वतीने बोलणाऱ्या त्या परिषदेत जाईबाईंच्या जेवणाची व्यवस्था मात्र वेगळी ठेवण्यात आली. ठराव एकत्र, पाने निराळी!

'काळ तसा होता' म्हणणाऱ्यांस आमचा सवाल एवढाच, की जाईबाई कोणत्या काळातल्या? १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरात सभा भरवून ज्या दलित स्त्रियांनी या अपमानाचा निषेध केला, त्या काय पुढील शतकातून आल्या होत्या? अन्याय ओळखण्याच्या आड काळ येत नव्हता. पंगतीतील आपली जागा येत होती.

यावर कोणी म्हणतील, जुने उगाळून लाभ काय? लाभ हाच, की इतिहास पुरा होतो. त्या स्त्रिया निषेध करून थांबल्या नाहीत. जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरातच दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. ही हकीकत उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात मांडिली. त्या नावातील 'ही' हे अक्षर आम्हां सुशिक्षितांच्या विस्मरणावर ठेविलेले बोट आहे.

आपल्या मुलींस स्त्रीशिक्षणाची कथा सांगणाऱ्या पालकांनी १९२२ ची ती शाळा सांगावी, आणि १९३७ चे ते वेगळे पानही सांगावे. एक सांगून दुसरे लपविणे म्हणजे ते पान पुन्हा वेगळे मांडणेच होय.