सामान्य माणूस आणि इंग्रजी शब्दकोश

शब्दांना वर्ग नसतो, अशी एक भाबडी समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. इंग्रजीतील सामान्यत्ववाचक शब्दांची कुळकथा पाहिली की ती टिकत नाही. ‘व्हिलन’ हा शब्द आपल्याला चित्रपटांमुळे परिचित. परंतु मुळात तो जमीनदाराच्या ‘व्हिला’शी, म्हणजे शेतवाडीशी, बांधलेल्या कुळाचा वाचक होता. राबणारा खलनायक ठरला. उच्च कुळाचे वाचक असलेले ‘नोबल’, ‘जंटल’ आणि ‘जेनरस’ हे शब्द मात्र उदात्तता, सौम्यता व औदार्य या सद्गुणांशी जोडले गेले.

हा अपवाद नव्हे. ‘मीन’ म्हणजे मुळात सामाईक. पुढे हलका, अखेर क्षुद्र आणि कंजूष. ‘ल्यूड’ म्हणजे केवळ धर्मोपदेशक नसलेला माणूस. तो आधी अशिक्षित ठरला आणि मग कामांध. ‘बूर’ हा शेतकरी होता, तो असंस्कृत झाला. ‘चर्ल’ तर जुन्या इंग्लंडातील स्वतंत्र सामान्य नागरिक. तोही उद्धट ठरला. गंमत अशी की, त्याच शब्दकुळातील ‘चार्ल्स’ हे नाव राजांनी मिरवले!

सी. एस. लुईस यांनी 1960 साली ‘स्टडीज इन वर्ड्स’ या ग्रंथात सामाजिक दर्जाचे शब्द नीतीचे शब्द कसे बनतात हे दाखवले. लुईस काही समाजवादी नव्हते. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची. यामागे कोणाचा कट होता असे नव्हे. लेखणी ज्यांच्या हाती होती, त्यांच्या नजरेने शब्द वळत गेले, इतकेच. कुळाला लिहिता येत असते, तर ‘लॉर्ड’चा अर्थ काय झाला असता?

‘कॉमन’ या शब्दात तर आर्थिक इतिहासही आहे. आपल्या गायरानासारखी सामाईक जमीन म्हणजे ‘कॉमन’. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटच्या पाच हजारांहून अधिक कायद्यांनी अशा जमिनी कुंपणाआड गेल्या. हलक्या राहणीच्या माणसाला ‘कॉमन’ म्हणून हिणवण्याची रीत मात्र शाबूत राहिली.

आपला थेट संबंध येतो तो ‘व्हर्नाक्युलर’शी. लॅटिनमध्ये ‘व्हर्ना’ म्हणजे धन्याच्या घरी जन्मलेला गुलाम. 1878 चा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट देशी भाषांतील पत्रांनाच लागू होता. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी होती. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना महाविद्यालयांत ‘व्हर्नी’ म्हणून चिडवले जाते, तेव्हा चिडवणाऱ्याला त्या गुलामाची आठवण असण्याचे कारण नाही. पण अपमान नेमका पोचतो.

अर्थात इंग्रजांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्यत्व’ हा काव्यदोष मानला आणि ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत ठरवले. आपले कित्येक समीक्षक तोच निकष आजही बिनदिक्कत वापरतात. बोली गावठी निघाली की नाक मुरडणारी हीच मंडळी बाजारात गावठी अंड्यांना मात्र चढा भाव देतात.