कुशावती आणि सुलतान बाजार : जिल्हा जाहीर झाल्यानंतरचे प्रश्न

गोव्याच्या तिसऱ्या जिल्ह्याची, कुशावतीची, घोषणा २०२५ च्या अखेरीस झाली. केपे, सांगे, काणकोण आणि धारबांदोडा हे चार तालुके दक्षिण गोव्यातून वेगळे काढून केपे हे त्यांचे मुख्यालय ठरवण्यात आले. १९८७ मध्ये घटकराज्याचा दर्जा मिळाला तेव्हापासून गोव्याला दोन जिल्ह्यांची सवय आहे. त्यामुळे घोषणेनंतरची चर्चा स्वाभाविकपणे नाव, मुख्यालय आणि श्रेय या तीन गोष्टींभोवती फिरली. जिल्हा जाहीर झाल्यानंतर तो प्रत्यक्ष उभा राहण्यास किती काळ लागतो आणि त्या काळात सामान्य नागरिकाचे काय होते, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने देऊ शकेल असे राज्य फार दूर नाही. तेलंगणाने अवघ्या अडीच वर्षांत आपल्या जिल्ह्यांची संख्या १० वरून ३३ वर नेली. त्या प्रयोगाकडे पाहण्यासाठी राजधानी हैदराबादमधील सुलतान बाजार ही जागा सोयीची आहे. कोठी परिसरातील ही कापडाची, साड्यांची जुनी पेठ. शेजारच्या इसामिया बाजारात मराठी साहित्य परिषद, जांबागेत विवेकवर्धिनी, काचीगुड्यापर्यंत पसरलेली मराठी कुटुंबे. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता त्या काळाचा हा वारसा. विशेष म्हणजे, हद्द बदलली म्हणजे नेमके काय बदलते, याचा या पेठेइतका जुना अनुभव क्वचितच कोणाकडे असेल.

सुलतान बाजाराचे पूर्वीचे नाव रेसिडेन्सी बाजार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स कर्कपॅट्रिक या ब्रिटिश रेसिडेंटने बांधलेली कोठी आजही तेथे उभी आहे आणि तिच्या आवारात महिलांचे विद्यापीठ चालते. या कोठीभोवतीच्या बाजारपेठेवर निजामाचा नव्हे, तर रेसिडेंटचा अंमल होता. शहर एकच, मात्र रस्ता ओलांडला की पोलीस आणि न्यायालय बदलत असे. निजामी हद्दीत जे उघडपणे करणे अवघड होते, त्याला येथे थोडा अवकाश मिळे. १८९२ मध्ये आर्य समाजाची शाखा या परिसरात स्थापन झाली. १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय सुरू झाले. १९३३ मध्ये हे बाजार निजामाकडे परत गेले आणि पेठेला सुलतान बाजार हे नाव मिळाले. दुकाने तीच राहिली, गिऱ्हाईकही तेच राहिले. बदलली ती तक्रार घेऊन जाण्याची जागा आणि ती ऐकणारा अधिकारी. प्रशासकीय हद्दीचा खरा अर्थ एवढाच असतो, आणि तो लहान नसतो.

हैदराबाद संस्थानात आधुनिक अर्थाने जिल्हे आले ते १८६५ मध्ये. पहिले सालारजंग यांनी ‘जिलाबंदी’ लागू केली. तोपर्यंत महसूलवसुली मक्त्याने दिली जात असे आणि मक्तेदार सावकारांकडून उचल घेऊन रयतेकडून ती वसूल करत. जिलाबंदीने मक्तेदाराच्या जागी पगारी अधिकारी आणला. संस्थानात जिल्ह्याच्या प्रमुखाला कलेक्टर न म्हणता ‘अव्वल तालुकदार’ म्हणत. म्हणजे या भूमीत जिल्ह्याची कल्पना आली ती जबाबदार अधिकारी नेमण्यासाठी, नकाशा नंतरचा. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे याच व्यवस्थेतून पुढे महाराष्ट्रात आले. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे होऊन त्यांचे आठ झाले. पाचाचे आठ व्हायला महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर जवळजवळ चार दशके लागली.

तेलंगणाचा वेग याच्या अगदी उलट होता. २२ ऑगस्ट २०१६ रोजी मसुदा अधिसूचना निघाली, हरकतींसाठी तीस दिवस देण्यात आले आणि ११ ऑक्टोबर रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, ३१ जिल्हे अस्तित्वात आले. मसुद्यात ही संख्या २७ होती. जनगाव, गदवाल, सिरसिल्ला येथील आंदोलनांनंतर ती वाढली. मंडलांची, म्हणजे तालुक्याहून लहान महसुली घटकांची, संख्या ४५९ वरून ५८४ झाली. १७ फेब्रुवारी २०१९ रोजी मुलुगू आणि नारायणपेट यांची भर पडून आकडा ३३ वर गेला. नारायणपेट हे नाव मराठी घरांना लुगड्यांमुळे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. महबूबनगरमधून वेगळा होऊन तो आता जिल्हा आहे.

या फेररचनेमागील तर्क भक्कम होता, हे मान्य करायला हवे. २०११ च्या जनगणनेनुसार तेलंगणाची लोकसंख्या सुमारे साडेतीन कोटी. म्हणजे जुन्या रचनेत एका जिल्हाधिकाऱ्याच्या वाट्याला सरासरी ३५ लाख माणसे येत होती. आता ती साडेदहा लाखांच्या आसपास येतात. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे मुख्यालय उत्तरेच्या टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेजवळ होते. मंचेरियल किंवा सिरपूरकडील माणसाला जिल्हाधिकारी कार्यालय गाठण्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागे. आदिलाबाद, मंचेरियल, निर्मल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाल्यावर हे अंतर निश्चितच कमी झाले. सांगे आणि काणकोणच्या डोंगरी भागांसाठी कुशावतीचे समर्थन केले जाते, तेही याच भाषेत.

मात्र अंतर कमी झाले ते महसुली कार्यालयाचे. जिल्ह्याचे बाकी अवयव सावकाश, हप्त्याहप्त्याने आले. जिल्हा परिषदांचेच पाहू. २०१४ मध्ये निवडून आलेल्या जुन्या जिल्हा परिषदा आपली मुदत संपेपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, जुन्याच हद्दींत चालू राहिल्या. जिल्हाधिकारी नवा आणि जिल्हा परिषद जुनी, अशी स्थिती जवळजवळ तीन वर्षे होती. त्यानंतर ३२ नव्या जिल्हा परिषदा निवडल्या गेल्या. पूर्णतः शहरी असलेल्या हैदराबाद जिल्ह्याला ती नाही. न्यायालयांना याहून उशीर झाला. नव्या जिल्ह्यांनुसार न्यायालयीन जिल्ह्यांची फेररचना २ जून २०२२ रोजी झाली. दसऱ्याच्या त्या घोषणेला तोपर्यंत साडेपाच वर्षे उलटून गेली होती. तोवर पक्षकाराचा ‘जिल्हा’ एक आणि जिल्हा न्यायालय दुसरीकडे, असाच व्यवहार चालला.

सर्वांत वेदनादायी ठरला तो कर्मचाऱ्यांचा प्रश्न. तेलंगणात राज्यघटनेच्या ३७१ ड या अनुच्छेदान्वये सरकारी नोकऱ्यांची जिल्हा, विभाग अशी स्थानिक संवर्गरचना आहे. जिल्हे बदलल्यावर ती रचनाही बदलणे भाग होते. त्यासाठीचा राष्ट्रपतींचा आदेश २०१८ मध्ये निघाला आणि प्रत्यक्ष वाटप डिसेंबर २०२१ च्या शासकीय आदेश क्रमांक ३१७ ने सुरू झाले. सेवाज्येष्ठतेनुसार पर्याय देण्यात आले. परिणामी अनेक कनिष्ठ शिक्षकांना ज्या जिल्ह्यात ते वाढले, शिकले आणि ज्याच्या ‘स्थानिक’ कोट्यातून नोकरीला लागले, तो जिल्हा सोडून कायमचे दुसऱ्या जिल्ह्याचे व्हावे लागले. पती एका जिल्ह्यात आणि पत्नी दुसऱ्या जिल्ह्यात, अशा प्रकरणांवरून मोठे आंदोलन झाले. २०१६ मध्ये नकाशावर ओढलेल्या रेषेची किंमत पाच वर्षांनी एखाद्या शिक्षकाच्या घरात मोजली गेली. फेररचनेच्या वेळी या किमतीची चर्चा झाली नव्हती, कारण तेव्हा चर्चा मुख्यालयांची होती.

घाईने आखलेल्या रेषा नंतर पुन्हा पुसाव्या लागतात, हेही तेथे दिसले. मुलुगू हा आधी वरंगलमध्ये होता. २०१६ मध्ये तो जयशंकर भूपालपल्लीत गेला आणि २०१९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. तीन वर्षांत दोनदा जिल्हा बदलणे म्हणजे प्रत्येक दाखला, प्रत्येक शिक्का, प्रत्येक अभिलेखाची जागा दोनदा बदलणे. वरंगल शहर आणि वरंगल ग्रामीण हे जिल्हेही २०२१ मध्ये हनमकोंडा आणि वरंगल या नव्या नावांनी आणि फेरबदललेल्या हद्दींनी पुन्हा मांडावे लागले. राजस्थानात तर २०२३ मध्ये निर्माण केलेल्या नव्या जिल्ह्यांपैकी नऊ जिल्हे पुढच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये रद्दच केले. जिल्हा निर्माण करण्याचा अधिकार राज्य सरकारचा आणि मोडण्याचाही त्याचाच. त्यामुळे ज्याची पाळेमुळे कार्यालयांत, न्यायालयांत आणि नोंदींत रुजलेली नाहीत, असा जिल्हा राजकीय वाऱ्यावर हलतो.

या साऱ्या उलथापालथीत सुलतान बाजार ज्या जिल्ह्यात आहे तो हैदराबाद जिल्हा तसाच राहिला. २१७ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि २०११ मध्ये ३९ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्याला २०१६ मध्ये कोणी हात लावला नाही. त्याची वाटणी आधीच, १९७८ मध्ये, झाली होती. तेव्हा ग्रामीण भाग काढून रंगारेड्डी जिल्हा करण्यात आला. त्या नव्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय मात्र पुढची चार दशके हैदराबाद शहरातच, लकडी का पूल भागात होते. रंगारेड्डीचा शेतकरी आपल्या जिल्ह्याच्या कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जात होता. स्वतःच्या हद्दीत, कोंगरा कलान येथे, त्याचे संकुल २०२२ मध्ये उघडले. म्हणजे जिल्हा जाहीर झाल्यापासून त्याची मुख्य कचेरी त्याच्याच भूमीवर येईपर्यंत ४४ वर्षे गेली. दुसरीकडे, एकाच महानगरात जिल्हा, महापालिकेचे मंडळ आणि पोलिसांचा विभाग यांच्या रेषा एकमेकींशी जुळत नाहीत. सुलतान बाजारातील व्यापाऱ्याला परवान्यासाठी एक हद्द पाहावी लागते, तक्रारीसाठी दुसरी आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिसरी. ब्रिटिश रेसिडेंट गेला, तरी एकाच रस्त्यावर अनेक हद्दी नांदण्याची परंपरा टिकून राहिली.

कुशावतीच्या संदर्भात या अनुभवाचे मोल आहे. प्रमाण अर्थातच वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या चार तालुक्यांची एकत्रित लोकसंख्या दोन लाखांच्या आत भरते. तेलंगणातील मुलुगूसारख्या अरण्यबहुल छोट्या जिल्ह्याचीही ती तीन लाखांच्या जवळ आहे. मात्र क्षेत्रफळ गोव्याच्या एकतृतीयांशाहून अधिक आहे आणि त्यात अभयारण्ये, घाट आणि विरळ वस्तीचे वाडे आहेत. अशा प्रदेशाला केवळ डोकी मोजून जिल्हा नाकारणे अन्याय्य ठरले असते. २०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत निश्चित करायच्या होत्या. कुशावती त्या मुदतीच्या काठावर जाहीर झाली. तेलंगणाच्या जिल्ह्यांना आपली पहिली स्वतंत्र जनगणना मिळण्यास दशकाहून अधिक वाट पाहावी लागली. तशी प्रतीक्षा कुशावतीच्या वाट्याला न येणे हा लाभ मोठा आहे.

परंतु जिल्हा परिषदेचा प्रश्न गोव्यातही तसाच उभा आहे. जिल्हा पंचायतींच्या ५० मतदारसंघांसाठी मतदान झाले ते २० डिसेंबर २०२५ रोजी, म्हणजे नव्या जिल्ह्याच्या अगदी तोंडावर. केपे, सांगे, काणकोण आणि धारबांदोड्यातील मतदारांनी आपले सदस्य दक्षिण गोवा जिल्हा पंचायतीत पाठवले. कुशावतीला स्वतःची जिल्हा पंचायत याच सदस्यांतून मिळणार, की पाच वर्षांची मुदत संपेपर्यंत नव्या जिल्ह्याचा निधी जुन्या सभागृहात ठरणार, याचे लेखी उत्तर लोकांना हवे.

दुसरा प्रश्न नोंदींचा. गोव्यातील सामान्य माणसाचा रोजचा संबंध जिल्हाधिकाऱ्यापेक्षा मामलेदार आणि उपजिल्हाधिकारी यांच्याशी अधिक येतो. एक-चौदाचा उतारा, फेरफार, कूळ आणि मुंडकारांचे दावे तेथेच चालतात. पण अपिलाची पायरी आली, की जुनी फाईल कोणत्या कचेरीत आहे हे कळीचे ठरते. मडगावात प्रलंबित असलेली प्रकरणे कोणत्या तारखेपासून केपेत ऐकली जाणार, अभिलेख कधी हलवले जाणार आणि मधल्या काळातील तारखा कोण देणार, हे आधी ठरले तरच नवा जिल्हा जवळचा वाटेल. तिसरा प्रश्न न्यायालयाचा आणि चौथा मनुष्यबळाचा. नवी पदे निर्माण होणार, की दक्षिण गोव्याचाच कर्मचारीवर्ग दोन ठिकाणी विभागून दोन्हीकडे अपुरा पडणार?

जवळीक ही बसच्या वेळापत्रकावरही अवलंबून असते. काणकोणच्या माणसाला बाजार, रुग्णालय आणि बहुतेक सर्व कामांसाठी मडगावची सवय आहे. त्याला केपे खऱ्या अर्थाने जवळ यायचे असेल, तर सकाळी निघून काम आटोपून संध्याकाळी घरी परतता येईल अशी थेट बस हवी. धारबांदोड्याच्या माणसाचेही तेच. तशी सोय झाली नाही, तर नवे मुख्यालय नकाशावर जवळ आणि पायाखाली लांब, अशी स्थिती होईल.

हे चारही प्रश्न सुटण्यासारखे आहेत आणि गोव्याचे लहान आकारमान त्यासाठी अनुकूल आहे. तेलंगणाला एकाच दिवशी २१ नवे जिल्हे उभे करायचे होते. गोव्याला एकच करायचा आहे. जिल्हा पंचायत, अभिलेख, न्यायालय आणि कर्मचारी या चार बाबींसाठी चार तारखा सरकारने विधानसभेत जाहीर कराव्यात आणि दर सहा महिन्यांनी त्यांचा आढावा पटलावर ठेवावा, एवढी मागणी कोणत्याही पक्षाला करता येईल. रंगारेड्डीला स्वतःच्या भूमीवरची कचेरी मिळायला ४४ वर्षे लागली, तेव्हा तेथील लोकांनी अशा तारखा मागितल्या नव्हत्या. कुशावतीच्या लोकांनी त्या आताच मागून घेतलेल्या बऱ्या.