जमा रक्कम आणि हाती रक्कम



या महिन्यात मुदत ठेवींच्या वारसनोंदणीविषयी लिहिण्याचा मानस होता. तो विषय पुढील अंकासाठी राखून ठेवतो. मध्यंतरी आमच्या नात्यातच एक प्रसंग घडला आणि तो आपल्यापैकी कोणत्याही दुकानदाराच्या गल्ल्यापाशी उद्या घडू शकतो, हे ध्यानी आल्यावर थांबणे योग्य वाटले नाही.

माझ्या थोरल्या भगिनींच्या घरचे बार्शीला किराणा-भुसाराचे दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेली ही पेढी आता भाचा सांभाळतो. एका सायंकाळी त्याचा दूरध्वनी आला. "मामा, लातूरच्या शेठजींना दिलेला चेक परत आला. खात्यात पावणेपाच लाख आहेत, तरी परत आला." मी ३४ वर्षे बँकेत काढली आहेत. शिल्लक असताना चेक परत आला म्हटले, की सहीत फरक असावा ही पहिली शंका येते. तसे विचारले. तो म्हणाला, "सहीचं काही नाही. खातं गोठवलंय म्हणतात."

उलगडा व्हायला तीन दिवस लागले. काही आठवड्यांपूर्वी एका अनोळखी ग्राहकाने तेलाचा डबा नेला होता आणि क्यूआर कोडवर २,३४० रुपये पाठविले होते. ही रक्कम दुसऱ्या राज्यातील एका गृहस्थांच्या खात्यातून फसवणुकीने काढलेल्या पैशांचा भाग होती. ती तीन-चार खात्यांतून फिरत भाच्याच्या खात्यात आली. त्या गृहस्थांनी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली, तपास पैशाच्या मागावर निघाला आणि त्या वाटेवरच्या सर्वच खात्यांना टाळे लागले. त्यात आमच्या भाच्याचेही एक. संशयित मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना पूर्वीपासून आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १०६ मध्ये आला आहे. फसलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर ही तत्परता हवीच, तिला दोष कसा द्यावा? परंतु २,३४० रुपयांच्या संशयासाठी पावणेपाच लाख अडकावेत, हे मला न्याय्य वाटत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अशा प्रकरणांत केवळ वादग्रस्त रकमेपुरतीच अडवणूक असावी, अशी भूमिका घेतली होती. प्रत्यक्षात शाखेतील कारकुनाच्या पडद्यावर 'खाते गोठविले' एवढाच शेरा दिसतो आणि तो हात वर करतो. मी स्वतः त्या खुर्चीवर बसलेलो असल्यामुळे त्याच्यावर रागावूही शकलो नाही.

सर्वांत विचित्र गोष्ट पुढेच आहे. गोठविले होते ते खात्यातून पैसे बाहेर जाणे, आत येणे नव्हे. त्यामुळे गल्ल्यावरचा साउंडबॉक्स दिवसभर "इतके रुपये प्राप्त झाले" असे खणखणीत आवाजात सांगत राहिला, ग्राहक समाधानाने जात राहिले, आणि भाच्याला त्यातला एक रुपयाही दुधवाल्याला देता येईना. दोन दिवसांनी त्याने क्यूआर कोडवर कापड टाकले.

आम्ही दोघे लातूरला गेलो. तूरडाळीचे हे व्यापारी आणि भाच्याचे आजोबा यांचा व्यवहार ५० वर्षांचा, त्यात कधी चेक परत गेला नव्हता. शेठजी सज्जन. त्यांनी चहा मागविला, प्रकरण शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुम्ही आलात, माझ्यासाठी विषय संपला. पण मुनीमजींनी नोंद केली आहे, ती काही खोडता येत नाही." भाचा परतीच्या वाटेवर कुर्डुवाडी रस्त्याला लागेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी माझ्या मुदत ठेवीवर कर्ज काढून दोन लाख पंधरा हजार शेठजींच्या खात्यावर पाठविले. सर्वांच्याच घरी ठेवी असलेला मामा असतो असे नाही, म्हणून हा तपशील लिहीत आहे.

आपल्या वाडवडिलांच्या काळात शाहजोग हुंडी चालत असे. ती कोणाच्याही हाती पडली तरी पैसे मिळत ते केवळ बाजारात ज्याची पत ठाऊक आहे अशा 'शाहा'लाच. हुंडी चुकवणाऱ्याला समोरच्या माणसाची खातरजमा करावी लागे. आजच्या व्यवस्थेत पैसे घेणाऱ्याला देणाऱ्याविषयी काहीच ठाऊक नसते, आणि पैसे घ्यायला क्षणभराचाही विचार करावा लागत नाही. ही सोय आहे, यात शंका नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात परगावचा चेक वटायला दोन-दोन आठवडे लागत. यूपीआय २०१६ साली आले, आणि १ जानेवारी २०२० पासून तर त्यावर दुकानदाराला शुल्कही लागत नाही. त्यामुळे मी यूपीआयच्या विरोधात नाही. संतापाच्या भरात भाचा म्हणाला, "मामा, क्यूआर काढूनच टाकतो, सगळं रोखीत." मी त्याला थांबविले. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक खर्च रोखीने दिला, तर आयकरात तो वजावटीस धरत नाहीत. शिवाय रोकड सांभाळण्याची जोखीम वेगळीच. कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे छोट्या व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळूरच्या अनेक दुकानांनी क्यूआर कोड उतरविले. परंतु ज्याने घरचे उसने पैसे आणि विक्रीचे पैसे एकाच खात्यात घेतले, त्याला क्यूआर उतरवून मागचा हिशेब थोडाच देता येणार आहे!

माझा आक्षेप आहे तो सारा व्यवहार एकाच नळातून नेण्याला. नळ कधी बंद पडेल हे आपल्या हाती नसते. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले, खातेदाराला ५०,००० रुपयांचीच मर्यादा राहिली, आणि फोनपेची सेवा त्या बँकेवर अवलंबून असल्याने तीही काही काळ ठप्प झाली. ज्यांचे त्या बँकेत खातेही नव्हते असे दुकानदार त्या दिवशी अडले. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केली आणि १५ मार्चनंतर तेथे नवी रक्कम जमा होणे थांबले. दुकानातील क्यूआर कोड दुसऱ्या बँकेशी जोडला असेल तर चालू राहिला. पण आपला कोड नेमका कोणत्या बँकेच्या खात्याला जोडला आहे, हे त्या आठवड्यात मला विचारणाऱ्या दहा दुकानदारांपैकी सात जणांना ठाऊक नव्हते. कोड लावून गेलेल्या मुलाने जे केले ते केले.

याहून गंभीर चूक भाच्याने केली होती, आणि ती बहुतेक व्यापारी घरांत होते. त्याने क्यूआर कोड थेट कॅश क्रेडिट खात्याला जोडला होता. त्यामागचा विचार व्यापाऱ्याचाच. रोजची विक्री कर्जखात्यात जमा झाली की तेवढे व्याज वाचते. मी त्याला आकडा मांडून दाखविला. रोजची यूपीआय विक्री १५,००० रुपये आणि व्याजदर १० टक्के धरला, तर एका दिवसाचे व्याज होते चार रुपये. म्हणजे क्यूआरची रक्कम वेगळ्या बचत वा चालू खात्यात घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅश क्रेडिटला वळविली, तर तोटा चार रुपयांचा. त्या चार रुपयांच्या बचतीसाठी त्याने मंजूर झालेली सारी कर्जमर्यादा अनोळखी ग्राहकाच्या पैशाच्या वाटेवर ठेवली होती. दोन खाती शक्यतो दोन वेगवेगळ्या बँकांत असावीत. हेही संपूर्ण कवच नव्हे. पैसा पुढे सरकला की तपासही पुढे सरकू शकतो. पण पुरवठादारांचे चेक ज्या खात्यावर निघतात ते खाते रस्त्यावरच्या प्रत्येक माणसासाठी उघडे नसावे, एवढे तरी पाळता येते.

दुकानावर बसणाऱ्या मुलांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. "मी क्यूआरवर पाच हजार पाठवतो, मला रोख द्या" असे कोणी अनोळखी म्हणाला, तर नम्रपणे नकार द्यावा. चोरीचा पैसा रोखीत बदलण्याची ही फार वापरातली युक्ती आहे. आणि "चुकून पैसे आले, परत पाठवा" असे कोणी म्हणाला, तर परस्पर दुसऱ्या क्रमांकावर पाठवू नये. ज्या खात्यातून आले तेथेच बँकेमार्फत परत जाऊ द्यावेत. मोठ्या रकमेच्या बिलावर ग्राहकाचे नाव व भ्रमणध्वनी क्रमांक लिहून घ्यावा. भाच्याची सुटका झाली ती याच कागदांवर. त्याच्याकडे तेलाच्या डब्याचे बिल होते, कॅमेऱ्याचे चित्रण अजून पुसले गेले नव्हते, आणि दुकानाचा परवाना व कराची विवरणपत्रे होती. हे सारे जोडून आम्ही त्या राज्यातील तपास अधिकाऱ्यांना ईमेल आणि रजिस्टर टपाल अशा दोन्ही मार्गांनी अर्ज पाठविला, प्रत बँकेला दिली. माझ्या हाताने मसुदा करून दिला तरी २३ दिवस लागले.

ज्या भगिनी घरून खाकरे, पापड, मसाले विकून पेमेंट गेटवेमार्फत पैसे घेतात, त्यांची अडचण थोडी निराळी आहे. तेथे पैसे प्रथम गेटवे कंपनीकडे राहतात आणि मग खात्यात येतात. क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्या ग्राहकाने पुढे तक्रार केली, तर जमा झालेली रक्कमही परत वळती होऊ शकते. म्हणून माल पोहोचल्याची कुरिअरची पावती जपून ठेवावी. या विषयावर स्वतंत्रपणे लिहीन.

गेल्या पंधरवड्यात बार्शीला जाणे झाले. साउंडबॉक्सशेजारी लाल कापडाचा रोजमेळ दिसला. रात्री दुकान वाढविताना भाचा त्यात क्यूआरची जमा आणि बँकेच्या पासबुकातील जमा समोरासमोर मांडतो. कॅश क्रेडिट आता दुसऱ्या बँकेत आहे आणि लातूरचा माल पूर्ववत उधारीवर येऊ लागला आहे. तेलाच्या डब्याचे २,३४० रुपये मात्र अद्याप अडकलेलेच आहेत. रोजमेळात त्याने ते 'येणे' या सदरात लिहून ठेवले आहेत.