काडी कुणी ओढली, हे गावाला माहीत असतं

जावळी, पाटण, वाई, महाबळेश्वर, शिराळा आणि डोंगराच्या कडेला राहणाऱ्या सगळ्या गावांसाठी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी वाचा आणि शेजारच्या घरात द्या.



शिमगा जवळ आला की रात्री डोंगरावर लाल माळ दिसायला लागते. दुसऱ्या दिवशी पारावर ठरलेली तीन कारणं निघतात. बांबूवर बांबू घासला असंल. वीज पडली असंल. ऊनच लई होतं. आता बघा, आपल्याकडं वीज येते ती वळवाबरोबर, आणि वळीव एप्रिल-मेमधला. वणवे त्याच्या दोन महिने आधी सुरू होतात. बोडक्या गवताळ उतारावर बांबूचं बेट कुठून आलं? उन्हानं गवत वाळतं, पेटत नाही. पेटायला काडी लागते, आणि काडी माणसाच्या खिशात असते.

ही काडी ओढणारा कुणी परका नसतो. कुणाला बांध साफ करायचा असतो, कुणी मालकीचं रान पेटवतो आणि आग वनखात्याच्या हद्दीत गेली की घरी येऊन झोपतो. कास-यवतेश्वरच्या रस्त्याला पार्ट्या करून निखारे तसेच टाकून जाणारे पाहुणेही आहेत, त्यांना सोडायचं कारण नाही. पण सगळं खापर पाहुण्यांवर फोडणं सोयीचं आहे, एवढंच. (भातासाठी राब भाजणं हा वेगळा विषय. राबापाशी माणूस उभा असतो, पाणी जवळ असतं. वणवा लावणारा काडी टाकून पळतो.)

सगळ्यात जुनं समर्थन म्हणजे "जाळलं की पुढच्या साली गवत जोरात येतंय." येतं, पण कुठलं? कुसळीचं बी पिळाच्या शेपटीनं स्वतःला मातीत रुतवून घेतं, त्यामुळं वरून आग गेली तरी ते खाली वाचतं. दरसाल जाळलेल्या डोंगरावर कुसळी वाढत जाते आणि नाजूक, चवीचं गवत मागं हटतं. मग तीच कुसळं मेंढरांच्या तोंडात आणि लोकरीत रुततात. राखेचं म्हणाल, तर नत्र धुरातून उडून गेलेलं असतं. जी राख उरते ती उघड्या उताराच्या मातीसकट पहिल्या जोराच्या वळवात ओढ्याला जाते. तिथून कोयनेला, वारणेला, कृष्णेला. साताऱ्याच्या डोंगरानं सोडलेली माती सांगलीच्या वाट्याला गाळ म्हणून येते.

आता खऱ्या दुखण्यावर येऊ. २०१९ च्या उन्हाळ्यात माण, आटपाडी, जतकडं चारा छावण्या लागल्या होत्या. माणसं दावणीशेजारी मुक्कामाला होती, जनावरांपुढं ऊस टाकला जात होता आणि खर्च सरकारी तिजोरीतून होत होता. याच सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम अंगाला आपण दर साली उभं गवत पेटवतो. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला वैरणीची होळी आणि पूर्वेला वैरणीचा दुष्काळ, याला निसर्गाचा कोप म्हणायचं का? हे गवत दसरा-दिवाळीला कापलं तर कसाचं असतं. जानेवारीतलं तेवढं सकस नसतं, पण दावणीला चालतं. गायरान आणि मालकीच्या रानात कापायला आपल्याला कुणाची हरकत नाही. राखीव वनात वनखात्याची परवानगी लागते, ती ग्रामसभेनं ठराव करून मागावी, आणि खात्यानं कागद घोळवत बसू नये. गठ्ठे बांधून पूर्वेला पाठवायचा वाहतूक खर्च छावणीच्या उसापेक्षा जड होणार आहे का, हे जिल्हा परिषदेनं आकडे मांडून सांगावं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात मात्र विळा चालणार नाही. तिथं जाळरेषाच, म्हणजे आग अडवायला आधीच मोकळी केलेली पट्टी हवी, आणि ती वेळेत हवी.

वेळेचं बोलतोय, कारण २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी झाडं लावण्याचा कार्यक्रम केला. खड्डे झाले, फोटो झाले. कुठल्या रोपाभोवती किती जाळरेषा काढली, हे मात्र कुठल्या फलकावर वाचायला मिळालं नाही. झाड लावणारा पाहुणा जुलैत येतो, फेब्रुवारीत वनरक्षक एकटा असतो. सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्यासारख्या माणसांनी आयुष्य घालून रान उभं केलं, १९८५ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. तसं रान एका दुपारीत जाऊ शकतं.

कायदा नाही असं नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नं राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, ती नीट वाचा. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं लागली, तर सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ बंद करू शकतं. म्हणजे काडी एकानं टाकायची आणि गुरं सगळ्या गावाची बांधून ठेवायची. तरी आपण त्या एकाला सांभाळून घेतो. उपग्रहाला आग दिसते, वनखात्याच्या मोबाईलवर संदेश जातो. त्या संदेशात नाव नसतं. नाव फक्त गावाला ठाऊक असतं आणि गाव म्हणतं, "जाऊ दे, आपलाच हाय."

म्हणून ग्रामसभेत विचारा: जाळरेषा कोण काढणार, कुठून कुठवर, आणि १५ फेब्रुवारीच्या आत होणार का? गवत कापायचा ठराव कुणी मांडायचा? वणवा लावणारा सापडला, तर तक्रारीवर सही कोण करणार? शेवटच्या प्रश्नाला सभा गप्प होईल. होऊ द्या, पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि विझवायला जाणाऱ्या पोरांना आधी एवढं सांगा. आग चढाला धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवत जातात. आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही. अडकलात तर जळून काळ्या झालेल्या जमिनीवर जा. टेरिकॉट, नायलॉन अंगावर नको, सुती कपडे घाला. दुपारच्या वाऱ्यात मर्दुमकी नको. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा ओल्या डहाळ्या घेऊन बाजूनं झोडत या. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त माणसं गेली, आणि तोही पश्चिम घाटच. आग दिसली की वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन आधी, फोटो मागून.

२६ तारखेला हा मुद्दा "ऐनवेळच्या विषयां"त ढकलला गेला, तर उभं राहून सरपंचांना सांगा, हा पहिला घ्या.